मदत हवी आहे: ‘शफलबॉटम’ आडनावाची घट कशी तपासावी?

इंग्लंडच्या लँकेशायरमधील बरी या गावाजवळच्या शिपरबॉटम या जागेवरून ‘शफलबॉटम’ हे आडनाव आले असून जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मेंढ्यांच्या ओढ्याचे खोरे असा होतो. नाव इतके सुंदर, पण ‘बॉटम’ म्हणजे आता पार्श्वभाग. त्यामुळे चेष्टेला कंटाळून अनेकांनी ते टाकले किंवा ‘-बोथम’ असे लिहिले, असे सांगतात. १८३७ पासूनच्या जन्मनोंदींची सूची आणि १८८१ ची जनगणना मी सर्व स्पेलिंगांनी चाळली आहे. नावबदलाचे दस्त अपुरे पडतात, कारण इंग्लंडमध्ये त्यांची नोंदणी सक्तीची नाही. मला कोणाची वंशावळ नको आहे आणि तिकडे जाणेही शक्य नाही. तेव्हा वंश खुंटलेली आणि नाव बदललेली घराणी केवळ ऑनलाइन नोंदींवरून वेगळी कशी ओळखावीत?