त्र्यंबक ते पैठण, गोदाकाठाने तीन दिवस: काय घ्यावं, काय सोडावं?

सिडकोकर: डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन नाशिकहून गाडीने गोदाकाठची जुनी गावं बघायची आहेत. बाबांचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार नकोत. काठाकाठाने रस्ता आहे का? मुक्काम कुठे करावा?

गोदातीर: सलग काठाचा रस्ता नाही. नदी सोडायची आणि पुढच्या गावी पुन्हा गाठायची, असंच जावं लागतं. नाशिकमध्येच राहता, तर त्र्यंबक आणि पंचवटी या तीन दिवसांत घालू नका. त्र्यंबक अर्ध्या दिवसाचं काम आहे, सोमवार सोडून कधीही सकाळी लवकर जा. मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. कुशावर्ताला थोड्याच पायऱ्या आहेत, ब्रह्मगिरी मात्र बाबांना झेपणार नाही.

तीन दिवस असे करा:
पहिला: चांदोरी, सायखेडा, नांदूरमध्यमेश्वर, कोपरगाव, मुक्काम शिर्डी.
दुसरा: पुणतांबा, श्रीरामपूर, टाकळीभान, नेवासा, टोका. मग मागे नेवाशाला येऊन कुकाणा, शेवगावमार्गे पैठण.
तिसरा: पैठण आणि परत.

शिर्डीचा मुक्काम गुरुवारी किंवा शनिवार-रविवारी आला तर खोल्या महाग आणि रस्ते तुंबलेले. कोपरगाव तिथून पंधरा किलोमीटरवर आहे, तिथेही राहता येईल.

निफाडकर: नांदूरमध्यमेश्वरला उजाडता पोहोचा, चांदोरी नंतर करा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा शंभराहून जास्त वर्षांचा आहे. गाळ साचून पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, म्हणून पाणपक्षी इथे येतात. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हेच, 2020 पासून. चापडगावच्या बाजूने आत जा. नऊनंतर उजेड कडक होतो आणि पक्षी लांब सरकतात. दुर्बीण हवीच, मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठिपक्यांपलीकडे काही येत नाही. कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलं की पाण्याची पातळी बदलते आणि थवेही जागा बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी स्थानिक गाइडला विचारून ठेवा.

चांदोरीची पात्रातली दगडी मंदिरं पाणी उतरलं तरच उघडी पडतात. बंधाऱ्यामागे तुंबलेलं पाणी तिथवर येतं, त्यामुळे डिसेंबरमध्ये ती दिसतीलच असं धरू नका. पावसाळ्यात तर हा भाग नकोच. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की सायखेड्याच्या पुलाला पानवेली अडकतात आणि पाणी गावात शिरतं.

बेटाजवळचा: कोपरगावात बेटावरचं शुक्राचार्यांचं मंदिर बघा. राघोबादादांचे अखेरचे दिवस याच गावात गेले, 1783 मध्ये ते इथेच वारले. हा पेशवाईचा धागा माहीत नसला तर गाव नुसता साखर कारखान्यांचा वाटतो, आणि ते खरंच वाईट आहे.

एक कळकळीची सूचना: डिसेंबरमध्ये ऊसतोड जोरात असते. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागे दिवा नसतानाही रस्त्यावर असतात. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा.

सिडकोकर: मग त्र्यंबक वगळतो. दुसऱ्या दिवशी नेवासा आणि पैठण दोन्ही होईल?

गोदातीर: होईल, पण सात वाजता निघालात तरच. पुणतांब्याला चांगदेवांची समाधी, अर्धा तास. नेवाशाला घाई करू नका. गाव प्रवरेकाठी आहे, गोदेकाठी नाही, पण शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तो पैस खांब इथे आहे. टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते. तिथल्या सिद्धेश्वर मंदिराचं कोरीवकाम बाहेरून सावकाश फिरून बघा, निम्मे लोक नुसतं दर्शन घेऊन परततात.

पैठणला नाथांची दोन ठिकाणं आहेत: काठावरचं समाधी मंदिर आणि गावातला वाडा. एकच बघून निघू नका. नागघाटावर बाबांना वरूनच नदी दाखवा. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच, पण जुनं नगर पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडाखाली आहे, मोठे अवशेष उभे असतील अशी अपेक्षा ठेवू नका. जायकवाडीच्या 27 दरवाजांतून डिसेंबरमध्ये सहसा पाणी सोडलेलं नसतं. पैठणी घ्यायचीच असेल तर आधी मागावर विणताना बघा, आणि पदराची उलटी बाजू तपासा: हातमागाच्या पैठणीत मागेही नक्षी स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत.

निफाडकर: परतताना छत्रपती संभाजीनगरहून माळीवाड्याला समृद्धी महामार्गावर चढा आणि सिन्नरजवळ गोंदे इथे उतरा. चढण्याआधी टायरमधली हवा तपासून घ्या. सिन्नरचं यादवकालीन गोंदेश्वर, मध्ये मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांना चार, सपाट अंगणात आहे, बाबांना फिरायला सोपं जाईल. चारपर्यंत पोहोचलात तर पश्चिमेच्या उन्हात शिखराचे थर नीट दिसतात.