‘आज आई गेली’ की ‘वारली’? पहिल्या वाक्यातलं क्रियापद

आल्बेर काम्यूच्या ‘लेत्राँजे’ या १९४२ सालच्या कादंबरीचं पहिलं वाक्य मूळ फ्रेंचमध्ये चार शब्दांचं आहे: ‘ओजुर्दुई, मामाँ ए मोर्त.’ म्हणजे आज आईचा मृत्यू झाला. लगेच पुढे: किंवा काल असेल, माहीत नाही. पहिला परिच्छेद मराठीत आणून बघू म्हणून बसलो आणि क्रियापदापाशीच अडलो. ‘गेली’, ‘वारली’, ‘मेली’, ‘आईचं निधन झालं’, चारही लिहून पाहिली. दर वेळी बोलणारा माणूसच बदलतो. माझा कल ‘वारली’कडे आहे. निवेदक मर्सो कोरडा माणूस, म्हणून शब्दही कोरडा. तुमचं मत काय? आणि खरं सांगायचं तर हे वाक्य जगातल्या थोर सुरुवातींमध्ये का गणतात तेही मला उमगलेलं नाही. मला त्यात फक्त बातमी दिसते.

‘गेली’च

‘वारणे’ आपण कुठे वापरतो ते आठवून बघा. ‘तो पाच वर्षांचा असतानाच त्याची आई वारली.’ ‘आजोबा माझ्या जन्माआधी वारले.’ मध्ये काळ लोटलेला असतो, नाहीतर माणूस आपल्यापासून दोन हात लांबचा असतो. घडलं त्याच दिवशी फोनवर कोणी ‘आई वारली’ म्हणत नाही. ‘आई गेली’ म्हणतात, आणि पलीकडचा माणूस ‘कुठे?’ असं विचारत नाही.

आता थोरपणाबद्दल. तुम्हाला त्यात बातमी दिसते हेच बरोबर आहे. ते वाक्य कोणाही मुलाच्या तोंडचं असायला हवं. वाचक सवयीने हळहळायच्या तयारीत असतो आणि तेवढ्यात ‘किंवा काल असेल’ येतं. पायाखालची फळी सरकते ती इथे. ‘वारली’ घातलंत की थंडपणा पहिल्याच वाक्यात खर्च होतो, दुसऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. मर्सो कोरडा आहे हे आपल्याला पुस्तक वाचून झाल्यावर माहीत झालंय. ते पहिल्या शब्दात कोंबू नका.

शब्दक्रमही सांभाळा. ‘आई आज गेली’ हे ‘कधी गेली?’ या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यापुढे ‘किंवा काल’ आलं तर उत्तरात थोडी दुरुस्ती झाली, एवढंच. ‘आज आई गेली’ मध्ये वजन आई जाण्यावर आहे, ‘आज’ नुसता उंबऱ्याशी उभा आहे. आणि पुढचं वाक्य नेमका त्या ‘आज’लाच हात घालतं, ज्याच्याकडे आपलं लक्षसुद्धा नव्हतं.

(जाता जाता: आदरार्थी ‘आई गेल्या’ करू नका. बऱ्याच घरांत त्याचा अर्थ सासूबाई गेल्या असा होईल.)

पण ‘गेली’ला दोन अर्थ आहेत

बोलताना आवाजावरून कळतं. कागदावर आवाज नसतो. ज्याला पुस्तकाबद्दल काहीच माहीत नाही तो ‘आज आई गेली. किंवा काल असेल.’ वाचून आई परगावी गेली असंही समजू शकेल. एकटा राहणारा मुलगा, आई येऊन गेली, दिवस नक्की आठवत नाही. त्यात धक्का बसण्यासारखं काय आहे? फ्रेंचमध्ये ही फट नाही. ‘मोर्त’ म्हणजे मेलेली, संपलं. मराठी वाचकाला पुढे वृद्धाश्रमाची मृत्यू कळवणारी तार येईपर्यंत थांबावं लागेल आणि मग मागे जाऊन पहिलं वाक्य पुन्हा वाचावं लागेल. ही किंमत मोजायची का?

मग ‘मेली’ का नको?

अर्थ नेमका आहे, दुसरी शंका नाही, कोरडेपणाही मिळतो.

‘मेली’बद्दल

कारण फ्रेंच ‘मुरीर’ माणसाला, मांजराला, राजाला सगळ्यांना सारखंच चालतं. ते साधं क्रियापद आहे. आपल्याकडे ‘मरणे’ वाक्यात कुठे येतं यावर सगळं अवलंबून. ‘माणसं मरतात’, ‘अपघातात तिघे मेले’, इथे काही खटकत नाही. पण आपल्या माणसाचं नाव घेऊन ‘मेली’ म्हटलं की राग किंवा तुच्छता आलीच. शिवाय ‘मेली’ची शिवी होते, लाडाची आणि खरीही. मुलगा ‘आज आई मेली’ म्हणाला तर वाचक पहिल्या ओळीतच ठरवेल की याचा आईवर दात आहे. मर्सोचा आईवर कसलाही दात नाही. पुढे त्याच्यावर खुनाचा खटला चालतो आणि आईच्या दफनाच्या वेळी तो रडला नाही हेच त्याच्याविरुद्ध वापरलं जातं. तुम्ही ‘मेली’ लिहून सरकारी वकिलाचं काम पहिल्याच शब्दात करून टाकताय.

आई, आणि तारेतली आई

क्रियापदावर एवढं भांडताय, पण नामाकडे कोणी बघत नाहीये. तिथे मराठी सुदैवी आहे. इंग्रजीत या वाक्यावर चार दशकं खल झाला. १९४६च्या स्टुअर्ट गिल्बर्टच्या भाषांतरात ‘मदर’ होतं, ते परक्यासारखं वाटतं. ‘मॉमी’ बालिश. अखेर १९८८ साली मॅथ्यू वॉर्डने फ्रेंच ‘मामाँ’ तसंच ठेवून दिलं. आपली ‘आई’ पाच वर्षांच्या तोंडीही तीच, पन्नाशीतल्याच्या तोंडीही तीच. अलगद बसते.

गोची पुढच्या ओळीत आहे. वृद्धाश्रमाकडून आलेल्या तारेत ‘मामाँ’ नाही, ‘मेर’ आहे. कार्यालयाच्या भाषेतली आई. मजकूर साधारण असा: आई मृत, दफन उद्या, आणि शेवटी पत्राच्या तळाशी घालतात तसली आदराची ठरीव शब्दयोजना. मुलाची आई आणि कचेरीची आई, तीन वाक्यांच्या अंतरात दोन्ही उभ्या. मराठीत दोन्हीकडे ‘आई’ लिहिलंत तर हा सांधा बुजला. मी तार अशी करीन: ‘मातोश्रींचे निधन. दफन उद्या. कळावे.’ आधी मनात ‘मयत’ आला होता, पण त्याला पंचनाम्याचा वास येतो. ‘अंत्यविधी’ही नको, मुळात दफनच आहे.

आणि ‘निधन’ एकदा तारेत आलं की वरची शंकाही मिटते. ‘गेली’ म्हणजे काय ते दोन ओळींत कळतं. तेवढा वेळ वाचक अधांतरी राहिला तर राहू दे.

‘कळावे’ वरून

हे फारच झकास बसतंय, कारण तारेनंतरचं वाक्य आहे ‘सला न व्य रियँ दीर’. रोजच्या बोलण्यातलं वाक्य, ‘यावरून काही कळत नाही’. म्हणजे तार ‘कळावे’ म्हणते आणि मुलगा ‘काही कळत नाही’ म्हणतो!

पण याच वाक्यात एक सापळा आहे. त्याचं शब्दशः मराठी होतं ‘याला काही अर्थ नाही’. आणि ज्यांना काम्यू म्हणजे जगण्याची निरर्थकता एवढंच ठाऊक आहे त्यांचा हात आपोआप तिकडे जातो. पहिल्याच परिच्छेदात तत्त्वज्ञान सापडल्याचा आनंद! मुळात दोन्ही अर्थ आहेत, पण वर दिसणारा साधा आहे: तारेवर दिवस नीट कळत नाही, बस. दुसरा त्याच्या खाली मुकाट बसलाय. ‘अर्थ नाही’ लिहिलं की खालचा वर येतो आणि साधा माणूस एकदम विचारवंत होतो. ‘कळत नाही’ मध्ये दोन्ही मावतात.

थोडा विरोध

‘कळावे’ आणि ‘कळत नाही’ यांची जोडी मुळात नाही. ती मराठीची करामत आहे. वाचक मिश्कील हसेल, आणि त्या परिच्छेदात कोणी हसावं असं मला वाटत नाही. तारेच्या शेवटी ‘आपला विश्वासू’ घाला आणि मोकळे व्हा.

‘कोसला’चा ‘उदाहरणार्थ’

विषय थोडा वाकडा नेतो, पण मूळ प्रश्नात थोरपणा कशात हेही होतं. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) आठवा. पांडुरंग सांगवीकर नाव सांगतो आणि लगेच म्हणतो, ‘आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ तो एक शब्द काढून वाचा: ‘आज पंचवीस वर्षांचा आहे.’ प्रतिज्ञापत्र झालं. वय वर्षे पंचवीस, धंदा शिक्षण, राहणार अमुक. शब्द परत ठेवा. आता वय हीच एक शंकास्पद गोष्ट झाली. पंचवीस हे कशाचं उदाहरण? आणखी कोणती वयं याला उपलब्ध होती?

‘उदाहरणार्थ’ हा शब्द पाठ्यपुस्तकातला. मास्तर नियम सांगतात, मग उदाहरणार्थ म्हणतात. इथे नियम सांगितलेलाच नाही, थेट उदाहरण आलं, आणि उदाहरण म्हणजे तो स्वतः. विद्यार्थिदशेत वर्षं काढलेल्या मुलाची जीभ त्या भाषेने कशी आंबलीय ते एका शब्दात दिसतं. पुढे ‘वगैरे’ येतच राहतं. नंतरच्या कित्येकांनी ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ची मुक्तहस्ते पेरणी केली आणि ती नुसती लकब झाली, कारण त्यांच्या वाक्यातून तो शब्द काढला तरी काही बिघडत नव्हतं. माझ्यापुरती कसोटी हीच आहे. शब्द काढून बघावा, बदलून बघावा. वाक्य जागचं हललं नाही तर तो शब्द भरतीचा.

दोन्हीकडे ‘आज’ आहे हेही गमतीचं आहे. एकाला आजची खात्री नाही, दुसऱ्याला स्वतःच्या वयाची.

टॉलस्टॉयचं काय?

‘अॅना कॅरेनिना’ची सुरुवात या कसोटीत बसत नाही. सगळी सुखी कुटुंबं सारखी, दुःखी मात्र आपापल्या परीने दुःखी. ते सरळसरळ सुभाषित आहे. त्यातले शब्द थोडेफार बदलले तरी चालतं, म्हणून तर ते जगभर सगळ्या भाषांत सुखाने नांदतंय.

बसते की

सुभाषितावर थांबू नका, त्याच्या पुढची ओळ वाचा. ओब्लोन्स्कींच्या घरात सगळं विस्कटलेलं आहे. एवढा मोठा नियम सांगून झाल्यावर थेट एका घरातली सकाळ, नवऱ्याची भानगड बायकोला कळलेली, नोकरमाणसं काम सोडून चाललेली. तिथे रशियन ‘दोम’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि आपल्या ‘घर’सारखाच भिंतींनाही लागतो, माणसांनाही. एखाद्या भाषांतरकाराने पुनरुक्ती नको म्हणून ‘घर’, ‘निवासस्थान’, ‘कुटुंब’ असे आलटून पालटून वापरले तर काय होईल ते करून बघा. पण धागा काम्यूचा आहे, इथे थांबतो.

सध्याचा मसुदा

सगळ्यांचे आभार. ‘वारली’ मागे घेतो. आत्ता असं झालंय:

‘आज आई गेली. किंवा काल गेली असेल, माहीत नाही. आश्रमाची तार आली: “मातोश्रींचे निधन. दफन उद्या. आपला विश्वासू.” यावरून काही कळत नाही. कालही असेल.’

‘कळावे’ सोडवत नव्हतं, पण विरोध पटला. ‘कदाचित’ मुद्दाम घातलं नाही, ‘असेल’मध्ये ते आलंच. ‘मला माहीत नाही’ मधला ‘मला’ही काढला, त्याने उगाच कबुली दिल्यासारखं वाटत होतं. आता पुढच्या परिच्छेदात अडकलोय. मर्सो साहेबाकडे दोन दिवसांची रजा मागतो, साहेब नाखूश दिसतो, आणि हा म्हणतो, यात माझा दोष नाही. ‘दोष’, ‘चूक’ की ‘माझ्या हातात नव्हतं’?

‘चूक’ नको

‘चूक’ म्हटलं की ती दुरुस्त करता येते. ‘दोष’ ठेवा, पुढे कोर्टात लागणार आहे.