शाळेच्या पालक-पत्रात बुलिंगवर अर्धं पान लिहायचंय, काय लिहू?

मधली_सुट्टी:
नमस्कार मंडळी. मुलगी तिसरीत आहे आणि यावर्षी मी पालक समितीत आहे (बाकी कोणी हात वर केला नाही म्हणून, कर्तृत्व काही नाही). शाळा दर महिन्याला अ‍ॅपवर एक पालक-पत्र टाकते, त्यात सुट्ट्या, परीक्षा, कार्यक्रमांचे फोटो आणि शेवटी मुख्याध्यापिकांचे दोन शब्द. यावेळी अर्धं पान समितीला दिलंय, विषय "मुलांमधली दादागिरी आणि पालकांची मदत", आणि ते माझ्या गळ्यात पडलंय.

जुनी पत्रं काढून बघितली तर "चला, शाळा आनंदी ठेवूया" छापाची वाक्यं, खाली हात धरलेल्या मुलांचं चित्र. कोण वाचतं हे? आणि दुसरीकडे वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी एका आईने सरळ नाव घेऊन टाकलं की अमक्याचा मुलगा माझ्या मुलाला बाथरूमजवळ अडवतो, मग त्याचे वडील उतरले, मग त्यांच्या बाजूचे, मग हिच्या बाजूचे, शेवटी अ‍ॅडमिनने सगळ्यांचे मेसेजच बंद करून टाकले. त्या दोन पोरांचं पुढे काय झालं ते विचारायचं मात्र सगळेच विसरले.

तर सांगा, असं पत्र आलं तर त्यात काय असलं तर तुम्ही खरंच वाचाल? शिक्षक कोणी असतील तर तुम्हाला आमच्याकडून नेमकं काय हवं असतं? उपदेश नको, तो मलाही येतो.

खडूफळा:
प्राथमिकला शिकवते, म्हणून लिहितेय.

भांडण कुठलं आणि बुलिंग कुठलं हे पत्रात लिहाच. आमच्याकडे दोन्ही टोकांचे पालक येतात, काहींना पेन्सिल ओढली तरी बुलिंग वाटतं आणि काहींचं पोरगं रोज रडत घरी जातं तरी "चालायचंच हो, मुलंच ती". दोघं साधारण बरोबरीचे आहेत, आज याने ढकललं, उद्या त्याने, आणि थोड्या वेळाने परत गळ्यात गळे, तर ते भांडण. पण तेच मूल रोज लक्ष्य होतंय, मुद्दाम होतंय, आणि त्याला ते स्वतःहून थांबवता येत नाहीये कारण समोरचा वयाने मोठा आहे किंवा ते चौघं आहेत आणि हा एकटा किंवा हा बोलताना अडखळतो, तर ते बुलिंग. भांडणात आम्ही दोघांना बसवून बोलायला लावतो. बुलिंगमध्ये असं समोरासमोर बसवून सॉरी म्हणायला लावलं तर ज्याला त्रास होतोय तो अजून घाबरतो, आणि वर्गाबाहेर पडल्यावर त्याची वसुली होते. पालक नेमकं हेच मागतात, "दोघांना बोलवा, काय तो सोक्षमोक्ष लावा". आम्ही दोघांना वेगवेगळं बोलावतो तेव्हा त्यांना वाटतं शाळा टाळाटाळ करतेय.

आणि मारलं तरच बुलिंग असं नाही. "हिच्याशी जो बोलेल त्याच्याशी पण कट्टी" हे ज्या मुलीने महिनाभर सोसलंय तिच्या अंगावर एक ओरखडा नसतो. खेळात घ्यायचंच नाही, ती आली की सगळ्यांनी गप्प व्हायचं, हे मला वर्गात बसून दिसत नाही हो. हे सगळं होतं मधल्या सुट्टीत, जिन्यावर, बाथरूमजवळ, पाण्याच्या नळापाशी, बसमध्ये. म्हणजे जिथे आम्ही कमी असतो तिथे.

म्हणून पालकांकडून हवं ते एकच, नेमकेपणा. "माझ्या मुलाला सगळे त्रास देतात" यावर मी काहीही करू शकत नाही. "सोमवारी आणि बुधवारी मधल्या सुट्टीत नळापाशी, दोघं होते, दप्तर लपवलं" यावर मी दुसऱ्या दिवशी नळापाशी उभी राहू शकते. वहीत तारखा टाका, मूल जसं बोललं तसंच लिहा, आपली विशेषणं घालू नका.

आगाऊ_काका:
झालं, आता यालाही इंग्रजी नाव मिळालं. आम्ही मार खाल्ला, दिला, त्यातूनच शिकलो. मुलांना "तू पण एक ठेवून दे" एवढं शिकवा, अर्धं पान लिहायची गरज नाही. आजकाल आईबाप प्रत्येक गोष्टीत मधे पडतात म्हणून पोरं लेचीपेची झालीत.

कोपऱ्यातला_बाक:
काका, "प्रत्येक गोष्टीत मधे पडू नये" हे पटतं. पण उलट मारायचा सल्ला बरोबरीच्या भांडणात एकवेळ चालेल, वरती खडूफळाताईंनी सांगितलंय त्यात कसा चालणार? तो मारू शकत असता तर लक्ष्य झालाच नसता. आणि मारलं तर शिक्षकांना दिसतो तो यानेच मारलेला ठोसा, आधीचे पंधरा दिवस कोणाला दिसलेले नसतात.

माझा अभ्यासाचा विषय हाच असल्यामुळे थोडं लांबण लावतो. ताईंनी जो फरक सांगितला, मुद्दाम, वारंवार आणि ताकदीत तफावत, तो मांडला डॅन ओल्वेयस या संशोधकाने. त्याने १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये यावर काम सुरू केलं तेव्हा बहुतेकांचं म्हणणं काकांसारखंच होतं. मग १९८२ च्या शेवटी नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या, कारण बहुधा सोबतच्या मुलांचा छळ, आणि १९८३ मध्ये तिथल्या सरकारने देशभर मोहीम काढली. तिथल्याच बर्गेन शहरात सुमारे २,५०० मुलांवर ओल्वेयसने दोन वर्षं नोंदी ठेवल्या, मुलांनीच सांगितलेलं बुलिंग जवळपास निम्म्यावर आलं. सगळीकडे एवढं जमलं नाही हेही खरं. फारिंग्टन आणि टोफी या संशोधकांनी २०११ मध्ये अशा कार्यक्रमांचा एकत्र हिशोब मांडला तर बुलिंग सरासरी २० ते २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. पण ज्या कार्यक्रमांचा परिणाम जास्त होता त्यांच्यात पालकांच्या बैठका आणि मैदानावरची देखरेख या दोन गोष्टी होत्या. म्हणजे मधली_सुट्टी, तुमचं अर्धं पान वाया जाणारं नाही, फक्त त्यातून पालक बैठकीला यायला हवेत.

आता खरा मुद्दा. आपण सगळे मारणारा आणि मार खाणारा या दोघांच्याच पालकांचा विचार करतोय. फिनलंडच्या क्रिस्टीना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये दाखवलं की बाकीचा वर्गही यात असतो. कोणी दादागिरी करणाऱ्याच्या मदतीला जाऊन समोरच्याचे हात धरतं, कोणी नुसतं हसतं, कोणी बाजूला होतं, कोणी एखादंच त्या मुलाची बाजू घेतं. त्या हसण्यावरच तर दादागिरी चालते, प्रेक्षक नसेल तर मजा काय? याच विचारावर फिनलंडमध्ये किवा नावाचा कार्यक्रम उभा राहिला, २००९ पासून तो तिथल्या शाळांमध्ये पसरला. आणि कॅनडात मैदानावर कॅमेरे लावून केलेला २००१ चा अभ्यास तर मी प्रत्येक पालक सभेत सांगतो. बुलिंगच्या जवळपास ८८ टक्के प्रसंगांत दुसरी मुलं हजर होती, मधे पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत, पण जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला.

तेव्हा पत्र त्या बघणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी लिहा. वर्गात तेच सगळ्यात जास्त आहेत, आणि तेच पत्र न वाचता पुढे सरकवतात, "आमच्याकडे असलं काही नाही" म्हणून.

रिमझिम:
+१. पण मधे पड म्हणून आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या पोरांसमोर ढकलू नका हां. आमच्या घरी सांगितलंय की भांडू नकोस, नुसती त्याला हाक मार, "चल आमच्यात खेळायला ये", आणि त्याला घेऊन निघून ये. तेही नको वाटलं तर नंतर जाऊन शेजारी बस. आणि बाईंना सांगणं म्हणजे चहाडी नव्हे हे घरी स्वच्छ सांगा, कारण आपणच एरवी "सारखी तक्रार काय घेऊन येतेस" म्हणून त्यांचं तोंड बंद करतो.

दुसरं, मुलं सांगतच नाहीत. "आज शाळेत काय झालं?" याचं उत्तर "काही नाही" हेच असतं. माझ्या मुलीच्या बाबतीत कळलं ते आडून आडून. "मधल्या सुट्टीत कुणाशेजारी बसलीस?" "खेळायला टीम कोणी पाडली, तुला कोणी घेतलं?" "बसमध्ये कुठली जागा मिळाली?" असं विचारत गेलं की चित्र दिसायला लागतं. त्याआधीपासून रविवारी रात्रीच पोट दुखायला लागायचं, शाळेचं बाथरूम नको म्हणून घरी येईपर्यंत कळ काढायची, खोडरबर पट्टी सारखी हरवायची. पोटदुखीला औषध आणून झालं होतं आमचं.

आणि ती म्हणाली "आई कोणाला सांगू नकोस". इथे सगळे पालक अडकतात. "नाही सांगत" असं वचन मी दिलं नाही. म्हटलं, सांगणार आहे, पण कोणाला, कधी आणि काय ते तुला विचारून. तिने बाईंचं नाव घेतलं, मुख्याध्यापिका नको म्हणाली. ठीक आहे, बाईंपासून सुरुवात.

दुसरी_बाजू:
मी त्या दुसऱ्या टोकाचा पालक आहे. आमच्या चिरंजिवांमुळे शाळेतून फोन आला होता, म्हणून लिहितोय, कारण अशा चर्चांमध्ये आमच्यातले फारसे बोलत नाहीत.

त्या बाईंनी "तुमचा मुलगा बुली आहे" असं म्हटलं असतं तर मी फोनवरच भांडलो असतो, शंभर टक्के. त्या म्हणाल्या, "त्याने या आठवड्यात तीनदा एका मुलाची वही फेकली, मी स्वतः बघितलं, त्याच्याशी बोललेय, तुमची मदत हवीय." भांडायला जागाच नव्हती, काय झालं ते समोर होतं. घरी मारलं नाही, मारलं असतं तर तोच धडा परत शिकवला असता ना, मोठा असला की लहानावर हात उचलता येतो. खेळायला जायचं बंद केलं, वही आणून द्यायला लावली, आणि बाईंना सांगितलं की पुढचे काही आठवडे दर शुक्रवारी डायरीत दोन ओळी लिहा, चांगलं असलं तरी लिहा. त्या दोन ओळींनी जास्त काम केलं असं माझं मत.

आणि कृपा करून पत्रात ठळक अक्षरात लिहा की समोरच्या पालकांना थेट फोन करू नका, ग्रुपवर तर नाहीच नाही. एकदा का नाव चारचौघांत आलं की कुठलाही बाप पोराचं ऐकून घेत नाही, त्याची वकिली करतो.

आगाऊ_काका:
हे दहा सेकंदांचं माहीत नव्हतं. नातवाला विचारून बघतो तो कुठल्या बाजूला उभा असतो ते. बाकी माझं मत तसंच आहे.

मधली_सुट्टी:
काका 😄 चालेल.

सगळ्यांना खूप धन्यवाद, मसुदा असा केलाय, वाचून फाडा:

"प्रिय पालक, हे पान विशेषतः त्यांच्यासाठी, ज्यांच्या मुलाला कोणी त्रास देत नाही आणि जे मूल कोणाला त्रास देत नाही. वर्गात एखाद्याला रोज चिडवलं जातं, खेळात घेतलं जात नाही, तेव्हा तुमचं मूल बहुतेक तिथेच उभं असतं. आज त्याला विचारा, मधल्या सुट्टीत एकटं कोण बसतं? नाव मिळालं तर त्या मुलाला खेळायला बोलव एवढंच सांगा. तुमच्या मुलाला त्रास होत असेल तर दिवस, जागा आणि काय झालं हे मुलाच्या शब्दांत लिहून वर्गशिक्षिकांना द्या. दुसऱ्या मुलाच्या घरी फोन नको, ग्रुपवर नाव नको. शाळेतून तुम्हाला फोन आला तर आधी पूर्ण ऐकून घ्या, तो निकाल नसतो, मदतीची मागणी असते. तक्रारीवर दोन दिवसांत शाळा तुमच्याशी बोलेल."

शेवटचं वाक्य मी माझ्या मनाने घातलंय, मुख्याध्यापिकांना अजून विचारलेलं नाही.

खडूफळा:
मसुदा छान आहे. "मदतीची मागणी असते" हे तर आमच्या स्टाफरूममध्ये पण लावते.

पण ते दोन दिवसांचं वाक्य विचारल्याशिवाय छापू नका. एकदा छापलं आणि तिसऱ्या दिवशीही फोन गेला नाही तर पुढच्या वेळी कोणी लिहून देणार नाही. मुख्याध्यापिकांना दोन प्रश्न विचारा, वर्गशिक्षिका रजेवर असतील तर कागद कोणाकडे जाणार, आणि पालकांना फोन कोण करणार. आणि उत्तरात काय सांगणार तेही ठरवून घ्या, कारण दुसऱ्या मुलाला काय शिक्षा केली हे आम्ही सांगत नाही, तुमच्या मुलासाठी काय करतोय एवढंच सांगतो. हे आधी लिहिलेलं नसलं की पालक म्हणतात शाळा लपवते. बसचं पण विचारा, बसमधल्या मावशींना कोणी काही सांगितलेलंच नसतं.

मधली_सुट्टी:
बसचं डोक्यातच नव्हतं आलं. सोमवारी भेटायची वेळ घेतलीये मुख्याध्यापिकांची, हे सगळं घेऊन जाते. काय म्हणाल्या ते इथेच टाकते.