‘डफरीन’, ‘दानशूर’ आणि ‘मुत्सद्दी’

प्रश्न : सोलापुरात ‘डफरीन चौक’ रोजच्या बोलण्यात येतो आणि जुन्या पिढीच्या तोंडी ‘तिचं बाळंतपण डफरीनला झालं’ असे वाक्य हमखास असते. हा शब्द मूळचा कोणता? शाळेच्या भित्तिपत्रकासाठी लेडी डफरीन यांच्यावर टिपण लिहिताना मी ‘मुत्सद्द्याची दानशूर पत्नी’ असे शब्द वापरले आहेत. ते योग्य आहेत का?

उत्तर : ‘डफरीन’ हे मुळात आयर्लंडमधील एका प्रदेशाचे नाव असून, तेथून ते सरदारकीच्या किताबात आले. बाईंचे स्वतःचे नाव हॅरियट (१८४३–१९३६). त्यांचे पती लॉर्ड डफरीन कॅनडाचे गव्हर्नर जनरल, रशिया व तुर्कस्तान येथील ब्रिटिश राजदूत आणि १८८४ ते १८८८ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. फारसीवाटे आलेल्या ‘मुत्सद्दी’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ कारकून किंवा कामदार असा होता. मराठी राज्यकारभारात त्याला वजन चढले. वकिलाती सांभाळलेल्या माणसाला तो ‘राजकारणी’पेक्षा निश्चितच अधिक शोभतो.

खरी अडचण ‘दानशूर’ची आहे. कर्णापासून हे विशेषण स्वतःजवळचे देऊन टाकणाऱ्यालाच लागते. राणी व्हिक्टोरियाच्या सूचनेवरून १८८५ मध्ये बाईंनी जो निधी स्थापन केला, तो संस्थानिकांच्या व धनिकांच्या देणग्यांतून उभा राहिला, आणि पुरुष डॉक्टरकडे जाण्यास संकोचणाऱ्या किंवा पडद्यातल्या स्त्रियांसाठी दवाखाने काढणे, स्त्री डॉक्टर, परिचारिका व सुइणी तयार करणे यांवर खर्च झाला. दाते इतर होते. बाईंचे कर्तृत्व त्यांना देते करण्यात होते. त्यासाठी मराठीत नेमका एकच शब्द मला सापडत नाही, आणि ‘परोपकारी’ फार पातळ वाटतो; म्हणून ‘स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारणाऱ्या’ असे सरळ लिहावे. ‘पत्नी’ हा शब्द त्यानंतर यावा.

पुरवणी : निधीच्या नावात ‘काउंटेस’ आणि दवाखान्यांच्या नावात ‘लेडी’ असा फरक दिसतो. पहिला किताब, दुसरे संबोधन, व्यक्ती एकच. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार मराठीत दीर्घ लिहितात, म्हणून ‘डफरीन’ हेच लेखन बरे. अमरावतीतही स्त्रियांच्या सरकारी रुग्णालयाला लोक ‘डफरीन’च म्हणतात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे, ‘दानशूर’ खोडला. आमच्या आत्याबाईंना मात्र डफरीन नावाची कोणी बाई होती हेच पटत नाही. त्यांच्या लेखी डफरीन म्हणजे बायकांचा दवाखाना.