मदत हवी आहे: सौरवादळ लोणच्याच्या बरणीत पकडायचंय

नमस्कार मंडळी. मी डिचोलीजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. नववीच्या पोरांनी प्रदर्शनासाठी भूचुंबकीय वादळ, म्हणजे सूर्याच्या माऱ्याने पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात होणारी खळबळ, टिपणारं यंत्र केलंय, आणि अडकलेय मी.

यंत्र म्हणजे लोणच्याची रिकामी काचेची बरणी. झाकणातून रेशमी दोरा, त्याला आडवी चुंबकपट्टी, पट्टीवर टिकलीएवढा आरसा. लेझर मारला की तीन मीटरवरच्या चिऱ्याच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो. फाटकाशी बस थांबली की ठिपका सरकतो! पोरं हिरमुसली, पण मी त्यांना सांगितलं की मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा कुलाब्याहून अलिबागला न्यावी लागली होती. आपलं दुखणं घराण्याचं आहे.

आता अडचण. एका मुलीने विचारलं, "टीचर, मे २०२४ मध्ये ८ आणि ९ तारखेला सूर्यावरच्या एका डागातून एक्स १, एक्स २ एवढ्या जोराच्या ज्वाला निघाल्या आणि १० तारखेला एवढं वादळ, की लडाखात हानलेला आकाश लाल झालं. मग त्याच डागातून १४ तारखेला एक्स ८.७ ची ज्वाला निघाली, तेव्हा तसं काहीच कसं नाही?" ज्वालेचा प्रकाश सव्वाआठ मिनिटांत पोचतो आणि वादळ मागाहून येतं, एवढंच मी सांगू शकले.

दुसरं म्हणजे, वादळात गोव्यासारख्या ठिकाणी ही पट्टी वळेल तरी का? आम्ही पंधरा अंशांवर, ध्रुवीय प्रकाश आमच्या नशिबी नाही.

प्रतिसाद

टीचर, एक्सचा आकडा फक्त क्ष-किरणांची चमक सांगतो. वादळ आणतो तो ज्वालेबरोबर कधी सुटणारा, कधी न सुटणारा प्लाझ्माचा लोट, म्हणजे सीएमई. १४ मेपर्यंत तो डाग फिरत सूर्याच्या पश्चिम कडेला गेला होता, लोट बाजूने निघून गेला. उलट ९ ऑक्टोबर २०२४ ची ज्वाला जेमतेम एक्स १.८, पण लोट थेट आपल्या अंगावर, आणि दुसऱ्या दिवशी मोठं वादळ.

समोरून आला तरी त्याच्यातलं चुंबकक्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं हवं. तरच ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळतं आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असेल तर बराचसा मारा वाया. ही दिशा नक्की कळते ती लोट पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवरच्या एल-१ बिंदूपाशी, म्हणजे आपल्या आदित्य यानापाशी, आला की. हातात तासभर, कधी त्याहूनही कमी.

बरणीचं म्हणाल तर शंका रास्त आहे. वादळात पृथ्वीभोवती कड्यासारखा वाहणारा विद्युतप्रवाह, म्हणजे वलयप्रवाह, वाढतो आणि आपल्याकडे उत्तर-दक्षिण चुंबकक्षेत्र कमी होतं. तुमची पट्टी त्याच रेषेत असल्याने जोर घटला तरी ती फारशी वळत नाही. पूर्वेला किंवा पश्चिमेला एक पक्कं चुंबक ठेवा आणि पट्टी ४५ अंश वळेल इतकं जवळ आणा. गोव्यात पृथ्वीचं आडवं चुंबकक्षेत्र सुमारे ४० हजार नॅनोटेस्ला (हे क्षेत्र मोजायचं एकक). त्यात ३०० ची घट झाली तर ठिपका दोन सेंटिमीटरांहून जास्त सरकेल. १८५९ च्या वादळात कुलाब्याला सुमारे १६०० ची घट नोंदली गेली होती, त्याला तुमची भिंत पुरली असती की नाही, पोरांना काढू द्या.

मात्र तापमान सांभाळा. बाजूला ठेवलेलं साधं फेराइट चुंबक तापलं की अंशामागे ०.२ टक्के दुबळं होतं, गार झालं की तेवढंच जोरदार. रात्री चार अंश गारवा आला की खोटं वादळ!

धागाकर्ती

खूप आभार. वर्गावर पत्रे आहेत, दुपारी भट्टी. घरी कौलारू कोठीची खोली आहे, तिथे दिवसभर सारखाच गारवा. लोणच्याची बरणी परत तिथेच जाणार, फक्त सासूबाईंना लेझरचं सांगायचं राहिलंय.