मालमत्ता कराच्या बिलातला शिक्षण कर जातो कुठे? शाळेची गच्ची गळतेय

घोडबंदरकर:
मंडळी, प्रश्न जरा लांबलचक होणारे, सांभाळून घ्या. ठाण्यात राहतो, फ्लॅट स्वतःचा, मालमत्ता कर दरवर्षी सवलतीच्या मुदतीत भरून मोकळा होतो. खरं सांगायचं तर बिल कधी नीट वाचलं नव्हतं, खालचा आकडा बघायचा आणि मोबाईलवरून भरून टाकायचा.

तर झालं असं की जुलैत एका धो धो पावसाच्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना रिक्षा मिळेना म्हणून त्यांच्या नातीला शाळेतून आणायला मी गेलो. पालिकेची शाळा, कुठली ते लिहीत नाही, तिथल्या बाईंना उगाच त्रास नको. तिसरीचा वर्ग. बीमचं प्लास्टर सुटून सळया बाहेर आलेल्या, गंजून फुगलेल्या, खाली रंगाची रिकामी बादली आणि त्यात टप टप. सगळे बाक एका भिंतीला सरकवलेले, उरलेल्या अर्ध्या वर्गात चाळीसेक पोरं खाली बसलेली आणि बाई शांतपणे फळ्यावर गुणाकार शिकवतायत. मधेच दोन पोरं उठली, बादली दोन्हीकडून कडीला धरून बाहेर नेली, ओतली, परत आणून बरोब्बर त्याच जागी ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी त्यांची पाळी असावी.

घरी येऊन बिल काढलं. त्यात शिक्षण कर वेगळा आणि राज्य शिक्षण कर वेगळा, दोन्ही मिळून माझे हजाराच्या वर जातात. हे पैसे शाळेच्या इमारतीवर खर्च करायचं बंधन आहे का? आणि समजा आमच्या वॉर्डातले लोक म्हणाले की घ्या शंभर दोनशे जास्त, पण ते ह्याच शाळेच्या दुरुस्तीला लावा, तर असं काही करता येतं का? बायको म्हणते तू आधी आपल्या बाथरूमचं लीकेज बघ.

निवृत्त जेई:
एका पालिकेच्या बांधकाम खात्यात नोकरी काढली आहे, ठाण्यात नाही, पण कारभार सगळीकडे साधारण सारखाच.

ह्या दोन ओळींमध्येच लोकांची गल्लत होते. राज्य शिक्षण कर आहे १९६२ च्या उपकर कायद्यातला, पालिका तो फक्त गोळा करून शासनाला भरते, पोस्टमनचं काम. त्याच कायद्यात रोजगार हमी कर पण आहे, पण तो बिगरनिवासी मिळकतींना, तुमच्या फ्लॅटला नाही. दुसरा जो नुसता शिक्षण कर, तो पालिकेचा. आता शिक्षण म्हटलं की आधी पगार, मग पेन्शन, गणवेश, वह्या, लाईट बिल, वॉचमन, आणि ह्या सगळ्यातून उरलं तर इमारत. त्यात इमारतीचं काम शिक्षण विभाग स्वतः करतच नाही. मुख्याध्यापक पत्र देणार, शिक्षण विभाग ते पुढे ढकलणार, मग आम्ही पाहणी करणार, एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा. पैसे एप्रिलच्या नव्या बजेटमधले, त्यामुळे वर्क ऑर्डर हातात पडते तेव्हा आभाळ भरून आलेलं असतं. गच्चीचं काम करायचं फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि आम्ही करायचो जूनच्या तोंडावर, मग पहिल्याच सरीत कोबा धुवून जाणार नाहीतर काय!

आणि पैसे नाहीत हे अर्धंच खरं. तुमच्या सोसायटीचे उपविधी काढून बघा, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक, किमान ०.२५ टक्के. मेंबर कुरकुरतात पण भरतात. शाळेच्या इमारतीसाठी असा दरवर्षी बाजूला काढलेला पैसा मी तरी नोकरीत कधी बघितला नाही. पंचवीस तीस वर्षं फक्त रंग मारायचा. मग ३० वर्षं झाली की कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक आलं की पोरं दुसऱ्या शाळेत दुपारपाळीला आणि इकडे नव्या इमारतीचं कोटींचं टेंडर. नारळ फोडायला सगळे हजर. गच्चीवरच्या पाईपातला पाला काढायला कोण नारळ फोडणार.

तुमच्या शाळेत सळया दिसतायत म्हणजे सी-२बी तरी असेल, वर्ग चालू ठेवून दुरुस्ती. सी-२ए निघाली तर आधी रिकामी करावी लागेल. फोटोवरून सुद्धा सांगता येत नाही, आणि इथे तर फोटोही नाही.

वागळेतला:
शंभर दोनशे जास्त देतो म्हणे 😄 आमच्याकडे लिफ्टसाठी घरटी पाचशे काढा म्हटलं तर जनरल बॉडीत दीड तास भांडण, त्यात सगळ्यात मोठा आवाज तळमजल्याचा.

पोहे विथ शेव:
@घोडबंदरकर, तुम्ही म्हणताय तसं अमेरिकेत चालतं. माझी बहीण कॅलिफोर्नियात असते, तिच्याकडे शाळेच्या इमारतींसाठी बॉण्ड, म्हणजे कर्जरोखे, काढायचा की नाही ह्यावर चक्क मतदान होतं. पूर्वी दोन तृतीयांश मतं लागायची, २००० सालापासून ५५ टक्के मिळाली तरी पास, आणि मग त्या बॉण्डची फेड घरांच्या मालमत्ता करातून. मला आवडलेली गोष्ट म्हणजे ५५ टक्क्यांवाल्या बॉण्डला कामांची यादी आधी जाहीर करावी लागते, त्यातला पैसा शिक्षकांच्या पगाराला वळवता येत नाही आणि हिशेब बघायला नागरिकांची कमिटी लागते.

पण तुमचं 'ह्याच शाळेला' वालं मला नाही पटत. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोच्या पालकांनी ह्याच गोष्टीवर केस केली होती, गरीब वस्तीत कराचा दर जास्त तरी शाळेला पैसा कमी, कारण घरांची किंमतच कमी. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ ने पालक हरले. आता ते ठाण्यात आणून बघा. घोडबंदरच्या टॉवरांतून निधी बदाबदा जमणार आणि तिथली पोरं पालिकेच्या शाळेत जाणारच नाहीत, आणि मुंब्र्यात, दिव्यात, लोकमान्यनगरात शाळा भरलेली पण तिजोरीत खडखडाट. कर अख्ख्या शहराचा एकत्रच राहू दे, फक्त दुरुस्तीचा हिस्सा वेगळा काढून त्याला कुलूप लावा, आणि ज्या इमारतीची हालत वाईट तिचा नंबर पहिला.

दोन वेण्या:
मी नवी मुंबईतून. आमच्याकडे तर मालमत्ता कर वाढवला नाही हेच निवडणुकीत छाती काढून सांगतात त्यामुळे जादा कराचं कोणी नावच काढत नाही. माझी मुलगी पालिकेच्या शाळेत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने ह्या समितीत ७५ टक्के पालक लागतात आणि निम्म्या बायका, शाळेचा विकास आराखडा पण आपणच करायचा असतो, हे मला स्वतःला वर्षभर माहीत नव्हतं, सही कर म्हटलं की करायचे.

समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान असतं, २५१ ते १००० पटाच्या शाळेला वर्षाला ७५ हजार, त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर. त्यात खडू, झाडू, नळ, बल्ब एवढंच होतं, गच्चीचा विषयच सोडा.

पण घोडबंदरकर, कर वाढवायच्या आधी एक करा. आमची गच्ची वॉटरप्रूफिंग होऊन दुसऱ्याच पावसाळ्यात गळायला लागली, सगळे म्हणाले आता परत निधी मंजूर होईपर्यंत थांबा. मी १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, वर्क ऑर्डर मागवली, बघते तर दोष दायित्व कालावधी संपायला चार महिने बाकी! म्हणजे ठेकेदाराने फुकट करून द्यायचं होतं आणि कोणी कागदच उघडला नव्हता. आला बिचारा तोंड पाडून, पण केलं. एक पैसा लागला नाही.

निवृत्त जेई:
बाई, तुम्ही आमच्या खात्यात नव्हता हे आमचं नशीब 🙏

घोडबंदरकर:
भारी माहिती मिळाली सगळ्यांकडून. पोहे विथ शेव, तुमचा मुद्दा मान्य, वॉर्डापुरतं म्हणालो ते मागे घेतो.

आज मावशींना विचारलं समितीच्या मीटिंगला बोलावतात का, कारण नातीच्या पालक त्याच. म्हणाल्या चिठ्ठी येते की, पण वेळ सकाळी ११ ची, आणि ११ ला त्या आमच्याकडे भांडी घासत असतात. तर पुढच्या मीटिंगला त्या जाणार, त्या दिवशी भांडी माझ्याकडे. अर्ज लिहायला घेतलाय, शेवटच्या दुरुस्तीची वर्क ऑर्डर, दोष दायित्व कालावधी आणि ऑडिट रिपोर्ट मागतोय. ३० दिवसांत काय उत्तर येतं ते इथेच टाकतो.

निवृत्त जेई:
मोजमाप पुस्तकाची प्रत पण मागा, झालेल्या कामाची मापं त्यात लिहिलेली असतात. आणि जमलं तर टेप घेऊन एकदा गच्चीवर जाऊन या. कागदावरची गच्ची कधीकधी शाळेपेक्षा मोठी निघते.