"ताई, मला नाही येत, तुम्हीच काढून द्या" याला काय करायचं?

रेघोट्या:
नमस्कार मंडळी. मी दर शनिवारी सात ते नऊ वर्षांच्या बारा मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते, आठ महिने झाले. स्वतः चित्रं काढते पण शिकवायचं कसं हे कुठे शिकलेले नाही. अडचण अशी की कागद हातात दिला की निम्मी मुलं लगेच "ताई मला नाही येत, तुम्हीच काढून द्या ना". फळ्यावर काढून दाखवलं तर बाराच्या बारा मांजरं माझ्याच मांजरासारखी, शेपटीसुद्धा त्याच बाजूला वळलेली. नाही दाखवलं तर दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. एक आठ वर्षांचा मुलगा आहे, तो हत्तीची सोंड काढतो, खोडतो, परत काढतो, परत खोडतो, गेल्या वेळी खोडून खोडून कागदाला भोक पडलं, मग त्याने कागद पालथा घातला आणि तास संपेपर्यंत हाताची घडी घालून बसला. मला फार वाईट वाटलं. दाखवायचं की नाही दाखवायचं?

खडूफळा:
मी प्राथमिकला बरीच वर्षं शिकवतोय. पहिली गोष्ट, मुलाच्या कागदावर आपली रेघ कधीच काढायची नाही. एकदा काढली की उरलेलं चित्र आपल्याला जमणार नाही हे त्याच्या मनात पक्कं बसतं. दुसरं, फळ्यावर चित्र काढण्यापेक्षा समोर वस्तू ठेवा. हत्ती काढ म्हटलं की मुलांच्या डोक्यात कुठल्यातरी पुस्तकातला हत्ती असतो, तो तसा उतरला नाही की रडू येतं. त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःचा बूट काढून समोर ठेवायला सांगा आणि नुसतं विचारत राहा, नाडी कुठल्या भोकातून वर येते? टाच कुठल्या बाजूने जास्त झिजलीय? जीभ बाहेर आलीय का? एकही रेघ न काढता तुम्ही शिकवताय, कारण मुलं बघायला लागतात. आणि सुरुवातीची वीस मिनिटं खोडरबर गोळा करून ठेवा. पेन्सिलही नको, काळं स्केचपेन द्या. रेघ चुकली तर तशीच राहू दे, शेजारी दुसरी काढायची. पहिल्या दिवशी कुरकुर होते, दुसऱ्या दिवशी विसरतात.

निळीपट्टी:
वयाचंही बघा ना. व्हिक्टर लोवेनफेल्ड म्हणून कलाशिक्षक होते, त्यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. साधारण सात ते नऊमध्ये मुलं खाली जमिनीची रेघ काढतात, वर आकाशाची निळी पट्टी आणि मधे सगळं कोरं. घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात, जे महत्त्वाचं ते मोठं, म्हणजे आई दारापेक्षा उंच. ही चूक नाहीये, त्यांनी जग असं मांडून ठेवलेलं असतं. नऊच्या पुढेमागे मग "खऱ्यासारखं दिसत नाही" हे छळायला लागतं, आणि तुमचा सोंडवाला मुलगा बहुतेक तिथे थोडा लवकर पोचलाय. माझ्या मुलीला मी एकदा आकाश जमिनीपर्यंत असतं, खालपर्यंत रंगव असं सांगून ती पट्टी पुसायला लावली होती. त्यानंतर ती प्रत्येक चित्रात "हे बरोबर आहे का" विचारायची. अजून टोचतं ते. म्हणून मी म्हणेन मुलांना मोकळं सोडा, दाखवूच नका काही.

ओलाब्रश:
निळीपट्टी, तुमचं बरंचसं पटलं, पण नुसतं मोकळं सोडून भागत नाही हो. मोकळं सोडलेलीच मुलं दोन डोंगर काढतात, कारण दुसरं काही करून बघायचं साधनच हातात नसतं. चित्र दाखवू नका पण साहित्य कसं चालतं ते जरूर दाखवा. पांढऱ्या मेणखडूने रेघा मारायच्या आणि वरून पातळ जलरंग फिरवायचा, मेणावर पाणी ठरत नाही म्हणून रेघा उमटून येतात, हे बघताना मुलं श्वास रोखतात. रंगांमध्ये सगळी पेटी देऊ नका, पिवळा, निळा, लाल आणि पांढरा बस. हिरवा करताना आधी पिवळा घ्या आणि त्यात निळा ब्रशच्या टोकाने थेंबभर घाला, उलटं केलं तर निळा सगळं गिळतो आणि पिवळा संपतो. मग प्रत्येकाला पाच वेगवेगळे हिरवे करायला लावा आणि त्यांना नावं द्यायला लावा. आमच्याकडे एकीने "पावसानंतरचा बेडूक" असं नाव ठेवलं होतं. या सगळ्यात "मला येत नाही" म्हणायला जागाच नाही, कारण कसं दिसायला हवं हे आधी कुणालाच माहीत नसतं.

आणि हो, "छान!" एवढंच म्हणू नका. "ही रेघ तू दाबून काढलीस, ही हलकी" असं जे दिसतं ते बोला. आपण खरंच बघितलंय हे मुलांना लगेच कळतं.

रेघोट्या:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बूट करून बघितला. खोडरबर गोळा केले तेव्हा दोघं रडवेले झाले होते, पण प्रश्न विचारत गेले तसे गप्प झाले आणि बारा बूट खरोखर बारा वेगळे निघाले! तो सोंडवाला मुलगा, त्याने नाडीपासूनच सुरुवात केली, बूट राहिला बाजूला, नाडी वळत वळत कागदाच्या कडेला पोचली. मला वाटलं आता हा कागद पालथा घालणार. तर माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, अजून एक कागद चिकटवून द्या, नाडी संपली नाहीये." तीन कागद लागले. पुढच्या शनिवारी मेणखडू आणि जलरंग. पातळ म्हणजे रंगात पाणी किती घालायचं ते ओलाब्रश, सांगाल का?